नियंत्रित विसर्ग

चीनमध्ये मी एकूण सात महिने राहिलो आणि त्यातले साडेसहा महिने एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. नाशिकला अंबडच्या ज्या कारखान्यात मी अठरा वर्षे नोकरी केली, तिथे विजेच्या पॅनेलची कपाटे बनत. त्यांचा पत्रा वाकवायची नवी मशीन कंपनीने चीनहून घ्यायची ठरवली आणि ती शिकून घ्यायला मला पाठवले. चिनी भाषेतले मला नऊ शब्द येतात, त्यातले चार तेलाबद्दल आहेत. एवढ्या भांडवलावर पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत मी चीनचा तज्ज्ञ ठरलो होतो. कुणाचा मोबाइल तापला, कुणाची दिव्यांची माळ पाडव्यालाच बंद पडली, की लोक मला जिन्यात गाठून जाब विचारत. जणू मी तिथून मशीन नाही, सगळा देशच पसंत करून आलो होतो.

ती मशीन फार चांगली चालली. इतकी चांगली, की दीड वर्षाने मला केबिनमध्ये बोलावून सांगण्यात आले की आता माझी गरज उरलेली नाही. मी म्हणालो, "चालेल." त्याच्या थोडे आधी बायकोने सांगितले होते की ती मुलीकडे पुण्याला राहायला जाते आहे आणि परत यायचा विचार नाही. तेव्हाही मी "चालेल" म्हणालो होतो. आम्ही दोघांच्या संमतीने वेगळे झालो असे मी लोकांना सांगतो. त्यात संमती माझी होती आणि निर्णय तिचा. असा मी बावन्नाव्या वर्षी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा राहत होतो आणि कुणालाही माझा काही त्रास नव्हता.

मग गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चीनमधल्या कुठल्याशा शहरात एका माणसाने मैदानात व्यायामाला आलेल्या लोकांच्या गर्दीत गाडी घातली होती. ओळख ना पाळख, भांडण ना तंटा. पाठोपाठ आणखी दोन आले, एकात कुणीतरी चाकू घेऊन धावत होता. नवे कुठले, जुने कुठले, खरे कुठले, काही कळायला मार्ग नव्हता. तळमजल्यावरच्या काकू रोज सकाळी दहा-पंधरा बायकांना घेऊन मैदानावर चालायला जातात. त्या दिवशी त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, तुम्ही तिकडे राहून आला आहात, तर ही माणसे असे का करतात ते आम्हाला एकदा नीट सांगा. त्या खरोखर घाबरल्या होत्या. अर्थातच मी "चालेल" म्हणालो.

आमचे चेअरमन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. जिन्यातला बल्ब बदलायचा तरी त्यांना परिपत्रक काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी 'चीनमध्ये असे का होते?' या विषयावर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये व्याख्यान ठेवले आणि फाटकावर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा, माझा पासपोर्टच्या आकाराचा, आणि मागे चीन म्हणून जो बर्फाचा डोंगर छापला होता तो जपानचा होता. व्याख्यानानंतर मिसळ होती, त्यामुळे उपस्थिती उत्तम. खुर्च्या आमच्या वॉचमनने मांडल्या. तो पन्नाशीचा माणूस पेठ तालुक्यातला, भात कापून नुकताच गावाहून परतलेला. सगळे त्यांना ए वॉचमन म्हणतात, मी मामा म्हणतो आणि अहोजाहो करतो. खुर्च्या मांडून झाल्यावर मामा फाटकाजवळच्या स्टुलावर बसून ऐकू लागले.

मी कसून तयारी केली होती. खरे सांगायचे तर मला फार बरे वाटत होते, कारण कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझे म्हणणे ऐकायला खुर्चीत बसले होते. मी सांगितले, की तिकडे एखाद्याची नोकरी जाते, पगार अडकतो, घटस्फोटात निकाल विरुद्ध जातो, घर हातचे जाते. असे तर सगळीकडेच होते. पण ते घेऊन जायचे कुठे, हा तिथला प्रश्न आहे. आपल्याकडे माणूस कलेक्टर कचेरीसमोर मांडव टाकून उपोषणाला बसतो, मोर्चा काढतो, नगरसेवकाच्या दारात बोंब मारतो, काहीच नाही तर पेपरात पत्र लिहितो. तिकडे तक्रार केली तर ती फिरून ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच टेबलावर येते, आणि फार आवाज केला तर माणसालाच उचलतात. गाव एकीकडे, काम दुसरीकडे, जवळ आपले म्हणावे असे कुणी नाही. भोवतीचे सगळे तर म्हणतात की देश कसा झपाट्याने पुढे चालला आहे. मग ज्याने वाईट केले तो हाताला लागत नाही, आणि ज्यांनी काहीच केले नाही ते रोज समोरून चालत जातात. या प्रकाराला तिकडे समाजावर उगवलेला सूड अशा अर्थाचे नावच पडले आहे.

मी आणखीही सांगितले, की असे प्रकार वाढल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यांनी धोकादायक माणसे आधीच ओळखून ठेवायचे ठरवले. ज्याला बायको नाही, मुले जवळ नाहीत, काम नाही, स्वतःचे घर नाही, अशा माणसांच्या याद्या करायच्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. हे मी चांगले मोठ्याने, एकेक बोट दुमडत सांगितले.

शेवटी स्वतःचा अनुभव सांगितला. माझ्या शेजारच्या मशीनवर एक माणूस होता. एकदा दुसऱ्याच्या चुकीसाठी त्याला सुपरवायझरने सगळ्यांसमोर झोडपून काढले, म्हणजे शब्दांनी. तो खाली बघून "हाव" म्हणाला. हा शब्द माझ्या नवांपैकी एक आहे, त्याचा अर्थ ठीक आहे, चालेल. मग त्याने शांतपणे मशीन पुसली. त्या पुसण्याची मला भीती वाटली होती. म्हणून माझे मत असे, की जो ओरडतो त्याच्यापासून कुणाला धोका नाही. जो प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणतो, त्याच्यापासून सांभाळा.

टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. ते दर वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून दीड तास ओरडतात. ते उठून उभे राहिले आणि इमारतीतला सर्वांत निर्धोक माणूस म्हणून त्यांनी सर्वांना नमस्कार केला. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. तेवढ्यात काकूंनी अगदी निरागसपणे विचारले, "मग आपल्याकडे 'चालेल' कोण म्हणतं हो?"

मिसळीच्या रश्शाचा वास सुटला होता. पहिल्या रांगेतली माणसे माझ्याकडे बघत होतीच, मागच्या रांगांनीही मोबाइलमधून माना वर केल्या. काही जण बोटे दुमडत होते. बायको, मुले, काम, घर. चारही बोटे दुमडली गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी त्या व्यासपीठावरून स्पष्ट पाहिले. आपण दोन दिवस खपून आपलेच वर्णन तयार केले, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. मिसळीला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

दोन दिवसांनी चेअरमननी मला मीटरच्या खोलीत बोलावले, तेच सोसायटीचे ऑफिस आहे. माझा भाडेकरार महिनाअखेरीस संपत होता. घरमालक पुण्याला असतो, त्याची काही तक्रार नव्हती, पण नवा करार करायला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागतो आणि त्यावर चेअरमनची सही. ती त्यांनी रोखून धरली होती. मला वाटले, आता घर सोडायला सांगणार. पण खात्यात उभे आयुष्य गेलेला माणूस असा एका दमात निर्णय घेत नाही. त्यांनी मला विचारले, की गंगापूर धरण भरत आले की आपण काय करतो. मी म्हणालो, पाणी सोडतो.

"नियंत्रित विसर्ग करतो," ते म्हणाले. "शंभर टक्के भरायची वाट बघत नाही. तुमचा विसर्ग कधी झालेलाच नाही."

एकदा सर्वांसमक्ष कडाडून भांडा, मी नोंद करतो आणि तिथेच सही देतो, असे त्यांनी सांगितले. समितीत तसा ठरावही झाला होता. हे सगळे माझ्याच व्याख्यानातून निघाले होते, त्यामुळे विरोध कसा करणार. मी म्हणालो की चालेल. त्यांनी कपाळाला हात लावला.

हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. मी इतरत्र घरांची चौकशी करून पाहिली होती. "फॅमिली आहे ना?" इथे प्रत्येक फोन संपायचा. बावन्न वर्षांच्या बेकार, एकट्या पुरुषाला नाशकात कुणी घर देत नाही. ही दोन खोल्यांची जागा गेली असती तर मला पुण्याला मुलीच्या दारात बॅग घेऊन उभे राहावे लागले असते, आणि दार बायकोने उघडले असते. मला ते नको होते. त्यापेक्षा भांडण शिकलेले बरे.

चेअरमननी कालव्याला पाणी सोडायच्या आवर्तनासारखे वेळापत्रक लावले. कुणी, कधी आणि कशावरून मला चिडवायचे ते त्यात होते. सोमवारी कंडक्टरनी त्यांची स्कूटर माझ्या जागेत आडवी लावली. मी माझी बाहेर रस्त्यावर लावली आणि त्यांना सांगितले की तुमची तिथे सावलीत राहील. मंगळवारी माझे पाणी बंद केले, मी बादली घेऊन खाली गेलो. बुधवारी काकूंनी मुद्दाम मिठाशिवाय आमटी करून पाठवली आणि कशी झाली म्हणून विचारायला आल्या. मी म्हणालो, छान. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाईट स्वयंपाक करावा लागला होता आणि तो वाया गेला होता.

दरम्यान इमारतीत वेगळीच साथ पसरली. आपलेही नाव यादीत यायला नको म्हणून लोक जाहीरपणे भांडू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या जोडप्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ते रोज संध्याकाळी सात वाजता गॅलरीत येऊन कोथिंबिरीवरून भांडत आणि खाली कुणी ऐकते आहे ना, ते मधूनमधून वाकून बघत. एका गृहस्थांनी भांडायला दुसरे कुणी नाही म्हणून लिफ्टला शिव्या दिल्या. शेजारच्या सोसायटीने आमच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली, ती चेअरमननी समाधानाने फाइलला लावली.

मला मात्र काही केल्या जमेना. शेवटी कंडक्टरनी मला गच्चीवर नेऊन शिकवायला घेतले. आवाज गळ्यातून नाही, पोटातून आला पाहिजे, भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचला पाहिजे. आणि भांडणाला क्रम असतो. सुरुवात 'अहो' ने करायची, समोरचा हलला नाही तर 'अरे' वर यायचे, आणि अगदीच वेळ आली तर 'ए'. एकदम 'ए' वर जाणारा माणूस कच्चा, असे ते म्हणाले. मी टाकीसमोर उभा राहून रोज अर्धा तास 'अहो' म्हणायचो. त्याच्या पुढे माझी गाडी सरकत नव्हती. खरी गोष्ट अशी, की मला त्यांचा कुणाचाच राग येत नव्हता. इतकी माणसे रोज माझ्या दारात येत होती याचा उलट मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मला दिंडोरीजवळ मुलाखतीला बोलावले होते. वाइन बनवणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीसाठी माणूस हवा होता. मी हे फक्त मामांना सांगितले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडताना त्यांनी विचारले, म्हणून सांगितले. मुलाखत घेणारा गृहस्थ सज्जन होता. त्याने माझे कागद चाळले आणि विचारले, अठरा वर्षे एकाच जागी, मग वर का नाही गेलात. मी इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट केली. कळवतो, असे तो म्हणाला, आणि माझा फोन नंबर ज्या कागदावर होता तो कागद त्याने माझ्याच हातात परत दिला. मी म्हणालो, "चालेल." द्राक्षांच्या बागांमधून परत येताना बसमध्ये मी ते चालेल मनात उलटेसुलटे करत होतो. काय चालेल? काहीच चालणार नव्हते. सोमवारी करार संपत होता.

पाचच्या सुमाराला मी फाटकाशी आलो. आमच्या फाटकाची कडी अडकते. मामांनी ती उचलून सोडवली आणि आपुलकीने विचारले, "झालं का साहेब काम?"

"ए," मी म्हणालो. तो आवाज पोटातूनच आला. "तुला काय करायचंय रे? तुला इथे गेट उघडायला ठेवलंय की चौकशा करायला? चल, हो बाजूला."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण मी थांबलो नाही. दहा मिनिटे तरी बोलत होतो. अठरा वर्षे बोललो, केबिनमधले बोललो, फोन न करणारी मुलगी बोललो, ज्यात त्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता ते सगळे त्याच्या तोंडावर फेकले. त्याच्या गावाबद्दल एक वाक्य बोललो, ते मी इथे लिहिणार नाही. मामा कडी हातात धरून उभे होते. आणि मला बरे वाटत होते. हे लिहायला नको वाटते, पण ते तसेच होते. छातीवरचे काहीतरी उतरत होते आणि ते कुणाच्या अंगावर उतरते आहे याचा मला त्या वेळी काही फरक पडत नव्हता.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा वरून टाळ्या ऐकू आल्या. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. चेअरमन घड्याळ बघत खाली आले, त्यांनी वेळ आणि कालावधी नोंदवला आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून ना-हरकत दाखल्यावर सही केली. काकूंनी साजूक तुपातला शिरा आणला, आता मुद्दाम चांगला केलेला. कंडक्टरनी मला मिठी मारली आणि म्हणाले की मधले दोन थांबे गाळलेत, पण पोचलात. आता आपल्या इमारतीला धोका नाही, असे कुणीतरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले. शिरा मामांनाही दिला. त्यांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचे दोन कप घेऊन खाली गेलो. रात्रभर मी स्वतःला सांगत होतो की ते ठरावाप्रमाणे झाले, सोंग होते. पण ते सोंग नव्हते, आणि मामा वेळापत्रकात कुठेही नव्हते. मी त्यांना म्हणालो, की मामा, कालचे माझे चुकले, तुमचा काही दोष नव्हता, मला माफ करा.

"राहू द्या साहेब," मामा म्हणाले. "इथं सगळेच वरडतात माझ्यावर. तुमी तेवढे राहिले होते."

मग त्यांनी चहा फुंकत मला सगळे सांगितले. सकाळी कोण, दुपारी कोण, कचऱ्यावरून कोण, स्कूटरचा आरसा हलला म्हणून कोण. व्याख्यान झाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरची दोघेही, गॅलरीत जायच्या आधी आवाज मोकळा करायला म्हणून. त्यात तक्रार नव्हती. पाणी किती वाजता येते, किती वाजता जाते हे सांगावे तसे ते सांगत होते. मी विचारले की तुम्ही हे कुणाला सांगत नाही का. त्यांनी माझ्याकडे जरा बघितले आणि विषय बदलला.

"ते चीनमधी वाचमन नसतात का, साहेब?"

मी म्हणालो, असतात की. प्रत्येक फाटकावर असतात.

मामांनी चहा संपवला, कप नळाखाली विसळला आणि माझ्या हातात दिला. "मग तो गाडीवाला वाचमनच असंल," ते म्हणाले.

तो माणूस काय काम करायचा हे मी सगळ्या तयारीत एकदाही शोधले नव्हते. मी तसे कबूल करणार होतो, तेवढ्यात वरून चेअरमननी पंप चालू करण्यासाठी मामांना आवाज दिला. तो आवाज मी दोन वर्षे रोज सकाळी अंथरुणात पडून ऐकत आलो होतो, आणि ते कुणाला तरी बोलावणे आहे, कुणावर ओरडणे नाही, अशीच माझी समजूत होती.